मृत्युपत्राद्वारे दानधर्म : कायदा, कुटुंब आणि कर्तव्य

आपल्या पश्चात आपल्या मालमत्तेचा काही भाग गोरगरिबांसाठी, अनाथ मुलांसाठी, वृद्धाश्रमासाठी किंवा आपल्या धर्मग्रामासाठी खर्च व्हावा, अशी इच्छा अनेक वडीलधारी मंडळी धर्मगुरूंजवळ बोलून दाखवितात. इच्छा उदात्त असते. परंतु ती बोलण्यातच राहते. कागदावर उतरलीच, तर घाईने, आजारपणात आणि अर्धवट शब्दांत उतरते. मग त्या माणसाच्या निधनानंतर दान तर बाजूला राहतेच, वर घरातील भावंडे एकमेकांचे तोंड पाहीनाशी होतात. हे टळावे म्हणून या विषयाची कायदेशीर आणि धार्मिक अशी दोन्ही अंगे येथे एकत्र मांडीत आहोत.

मृत्युपत्र नसेल तर काय होते?

भारतीय ख्रिस्ती व्यक्तीच्या वारसाहक्काला भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ हा कायदा लागू आहे. (गोव्याचा कायदा वेगळा आहे; त्याविषयी पुढे लिहिले आहे.) मृत्युपत्र न करता निधन झाल्यास मालमत्तेची वाटणी या कायद्याप्रमाणे होते. पत्नी व मुले असतील, तर एकतृतीयांश हिस्सा पत्नीला आणि उरलेला दोनतृतीयांश मुलांना समसमान मिळतो. मुलगा व मुलगी असा भेद या कायद्यात नाही. मुले-नातवंडे नसतील, पण अन्य नातेवाईक असतील, तर पत्नीला अर्धा हिस्सा मिळतो. उरलेला अर्धा वडिलांना आणि वडील हयात नसतील, तर आई व भावंडांना जातो. पत्नीच्या मालमत्तेत पतीलाही असेच हक्क आहेत.

या वाटणीत दानधर्माला कोठेही जागा नाही. मयताने हयातीत शंभर वेळा बोलून दाखविले असले, तरी लेखी मृत्युपत्राशिवाय कोणत्याही संस्थेला एक पैसाही मिळू शकत नाही.

उलटपक्षी, मृत्युपत्र करणाऱ्या ख्रिस्ती व्यक्तीला हा कायदा फार मोठे स्वातंत्र्य देतो. हिंदू एकत्र कुटुंबात मुलांना जन्मतःच मिळणारा हक्क आपल्या कायद्यात नाही. वडिलांकडून वारशाने आलेली वाडी असो वा स्वकष्टाने घेतलेली सदनिका, ज्याच्या मालकीची ती आहे, तो ती मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतो. पत्नीसाठी वा मुलांसाठी अमुक हिस्सा राखून ठेवलाच पाहिजे, असे कायदा सांगत नाही. या स्वातंत्र्यामुळेच आपली नैतिक जबाबदारी वाढते.

२००३ पर्यंत असलेले बंधन

हे स्वातंत्र्य एका बाबतीत मात्र २००३ पर्यंत आपल्याला नव्हते, आणि ती बाब दानधर्माचीच होती. १९२५ च्या कायद्यातील कलम ११८ असे सांगत होते की, ज्याला पुतण्या, पुतणी, भाचा, भाची किंवा त्याहून जवळचा नातेवाईक आहे, अशा व्यक्तीला धार्मिक वा धर्मादाय कार्यासाठी मालमत्ता द्यायची असेल, तर मृत्युपत्र मृत्यूच्या किमान बारा महिने आधी केलेले असले पाहिजे. शिवाय ते केल्यापासून सहा महिन्यांच्या आत कायद्याने नेमून दिलेल्या ठिकाणी सुरक्षित ठेवण्यासाठी सादर केलेले असले पाहिजे. मृत्युपत्र करून अकरा महिन्यांनी माणूस वारला, तर त्याने अनाथाश्रमाला दिलेले दान रद्द ठरत असे.

या कलमाचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. तेथे १७३६ मध्ये झालेल्या कायद्याने धर्मादाय कार्यासाठी जमीन देण्यावर असेच बारा महिन्यांचे बंधन घातले होते. मृत्युशय्येवरील माणूस भीतीपोटी किंवा कोणाच्या दडपणाखाली वारसांना डावलून सर्वस्व देऊन टाकील, ही त्यामागची शंका होती. तीच कल्पना १८६५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात आणि तेथून १९२५ च्या कायद्यात आली. इंग्लंडने १९६० मध्ये हे निर्बंध काढून टाकले. भारतात मात्र ते राहिले. त्याचा भार प्रामुख्याने ख्रिस्ती लोकांवरच पडत होता. हिंदू व मुस्लिम यांना ते कलम लागू नव्हते आणि पारशी समाजाला १९९१ च्या दुरुस्तीने त्यातून वगळण्यात आले.

केरळमधील धर्मगुरू जॉन वल्लमट्टम यांनी या कलमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. २१ जुलै २००३ रोजी सरन्यायाधीश व्ही. एन. खरे यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने कलम ११८ हे राज्यघटनेतील समानतेच्या तत्त्वाचा, म्हणजे अनुच्छेद १४ चा, भंग करणारे असल्याचे ठरवून ते रद्दबातल केले. तेव्हापासून ख्रिस्ती व्यक्ती इतर कोणाही नागरिकाप्रमाणे मृत्युपत्राद्वारे दान करू शकते.

कलम गेले, हे योग्यच झाले; कारण ते अन्यायाचे होते. परंतु ज्या शंकेतून ते जन्मले, ती शंका निराधार नव्हती. आजारी माणसाच्या उशाशी बसून त्याच्याकडून काही लिहून घेणे कायद्याने आता पूर्वीइतके कठीण राहिलेले नाही. म्हणूनच जी काळजी पूर्वी कायदा आपल्याकडून सक्तीने घ्यायला लावीत होता, ती आता आपण स्वखुशीने घेतली पाहिजे. या लेखाचे सार एवढेच आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण : आधी न्याय, मग दान

मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू परूश्यांना एका गोष्टीसाठी कडक शब्दांत बोलतो. आईबापांना जे द्यायचे ते 'कुर्बान', म्हणजे देवाला अर्पण, असे म्हणून काही लोक वृद्ध आईबापांच्या जबाबदारीतून मोकळे होत होते. देवाच्या नावाने केलेले अर्पण कर्तव्य चुकविण्याचे साधन होऊ शकत नाही, हे प्रभूने तेथे स्पष्ट केले.

हिप्पोचे बिशप संत ऑगस्टिन यांनी हीच शिकवण आचरणात आणली. त्यांच्या समूहातील एका धर्मगुरूने मुलगा व मुलगी असताना त्यांना डावलून ख्रिस्तसभेला वारस नेमले, तेव्हा संत ऑगस्टिन यांनी तो वारसा नाकारला. आपल्या मुलाला बेदखल करून ख्रिस्तसभेला वारस करू इच्छिणाऱ्याने ते दान स्वीकारणारा दुसरा कोणी शोधावा, अशी त्यांची भूमिका होती. ज्याला मूलबाळ नव्हते, अशा एकाचा वारसा मात्र त्यांनी स्वीकारला. त्याच प्रवचनात ते कार्थेजचे बिशप ऑरेलियस यांचे उदाहरण देतात. एका निपुत्रिक माणसाने आपले सर्व काही ख्रिस्तसभेला दिले. पुढे त्याला मुले झाली. त्याने मागणी केलेली नसतानाही बिशपांनी सर्व मालमत्ता त्याला परत केली. सोळाशे वर्षांपूर्वीची ही उदाहरणे आजही आम्हा धर्मगुरूंना मार्गदर्शक आहेत.

१९८३ च्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेतही यासंबंधी तरतुदी आहेत. कलम १२९९ नुसार विश्वासू व्यक्ती हयातीत वा मृत्युपत्राने धर्मकार्यासाठी मालमत्ता देऊ शकते. मात्र मृत्युपत्राने देताना शक्यतोवर देशाच्या कायद्यातील रीती पाळाव्यात. त्या पाळल्या गेल्या नसतील, तर मयताची इच्छा पूर्ण करण्याच्या कर्तव्याची जाणीव वारसांना करून द्यावी, असेही त्यात म्हटले आहे. दात्याची इच्छा काटेकोरपणे पाळली पाहिजे, असे कलम १३०० सांगते. तर ज्या हेतूने अर्पण दिले, त्याच हेतूसाठी ते वापरावे, असे कलम १२६७ बजावते. अशा दानांच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवण्याची जबाबदारी बिशपांवर आहे.

मृत्युपत्र कायदेशीर होण्यासाठी

मृत्युपत्र साध्या कागदावर, मराठीत, हाताने लिहिलेले वा टंकलिखित असले तरी चालते. त्यासाठी मुद्रांक लागत नाही. पुढील गोष्टी मात्र आवश्यक आहेत.

१. करणारी व्यक्ती सज्ञान आणि शुद्धीवर असावी. अंध वा मूकबधिर व्यक्तीही, आपण काय करीत आहोत हे तिला समजत असेल, तर मृत्युपत्र करू शकते. विवाहित स्त्री आपल्या मालकीच्या मालमत्तेचे मृत्युपत्र स्वतंत्रपणे करू शकते.

२. करणाऱ्याने सही वा अंगठा करावा आणि किमान दोन साक्षीदारांनी त्याच्यासमक्ष सह्या कराव्यात. साक्षीदारांनी त्याला सही करताना पाहिलेले असावे किंवा ही सही आपली असल्याचे त्याने त्यांना सांगितलेले असावे. मृत्युपत्रातील मजकूर साक्षीदारांना ठाऊक असण्याची गरज नाही.

३. ज्याला मृत्युपत्राने काही मिळणार आहे, त्याने किंवा त्याच्या पती-पत्नीने साक्षीदार होऊ नये. झाल्यास मृत्युपत्र टिकते, पण त्याला दिलेला हिस्सा रद्द होतो. आपल्या समाजाला लागू असलेला हा नियम (कलम ६७) पुष्कळांना ठाऊक नसतो.

४. फसवणूक, जबरदस्ती किंवा माणसाची स्वेच्छा हिरावून घेणारा तगादा लावून करवून घेतलेले मृत्युपत्र रद्द ठरते.

५. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता वा रद्द करता येते. मात्र नुसते खाडाखोड करून बदल होत नाही. तेथेही सही व दोन साक्षीदार हवेत.

६. मृत्युपत्र केल्यानंतर विवाह झाल्यास आधीचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते (कलम ६९). विधुर वा विधवा पुनर्विवाह करीत असतील, तर त्यांनी नवे मृत्युपत्र केले पाहिजे.

नोंदणी सक्तीची नाही. तरीही दुय्यम निबंधक कार्यालयात ती करून घेणे हिताचे आहे. मजकूर गुप्त ठेवायचा असेल, तर मोहोरबंद लिफाफ्यात ते जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याची सोय नोंदणी अधिनियम, १९०८ मध्ये आहे. वय झालेले असेल किंवा आजार असेल, तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडावा.

मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी एखादी विश्वासू व्यक्ती, म्हणजे एक्झिक्युटर, नेमावी. शक्य तर ती आपल्यापेक्षा वयाने लहान असावी. न्यायालयाकडून प्रोबेट घेण्याची जी सक्ती पूर्वी होती, ती भारतीय ख्रिस्ती व्यक्तींच्या मृत्युपत्रांपुरती २००२ च्या दुरुस्तीने दूर झाली. वाद उद्भवल्यास मात्र न्यायालयात जावेच लागते.

दान लिहिताना होणारे घोटाळे

*संस्थेचे नाव.* 'आमच्या चर्चला' किंवा 'फादरांना' असे लिहिणे पुरेसे नाही. व्यक्तीच्या नावे लिहिलेली मालमत्ता त्या व्यक्तीची होते, संस्थेची नव्हे. आणि धर्मगुरूंच्या तर बदल्या होत असतात. सार्वजनिक न्यासाचे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि पत्ता लिहावा.

*हेतू.* 'धर्मासाठी' एवढेच लिहिलेले दान टिकेलच असे नाही. मुंबईच्या एका प्रकरणात १८९९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने केवळ 'धरम' यासाठी दिलेले दान संदिग्ध म्हणून रद्द ठरविले होते. उलट, हेतू अतिशय अरुंद केला, तर पुढे तो कालबाह्य होतो. दरवर्षी अमुक रुपयांचे बक्षीस असे लिहिल्यास पंचवीस वर्षांनी त्या रकमेत वहीसुद्धा येत नाही. म्हणून 'गरजू विद्यार्थ्यांचे शिक्षण', 'निराधार वृद्धांची शुश्रूषा' असा स्पष्ट पण व्यापक हेतू लिहावा आणि तो शक्य न राहिल्यास कोणत्या निकटच्या कार्यासाठी दान वापरावे, हेही लिहावे. आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सा अर्पण व्हाव्यात असे वाटत असेल, तर 'कायमस्वरूपी' ऐवजी ठरावीक वर्षे नमूद करावीत.

*रक्कम.* ठोक रकमेपेक्षा हिस्सा लिहिणे सोयीचे असते. मृत्युपत्र केल्यावर मालमत्ता घटली आणि ठोक रक्कम तशीच राहिली, तर भार कुटुंबावर पडतो. 'सर्व देणी व अंत्यविधीचा खर्च भागल्यावर उरणाऱ्या मालमत्तेचा दशांश' असे लिहिल्यास दोन्ही बाजूंना न्याय मिळतो.

*नामनिर्देशन.* बँकेत वा गृहनिर्माण संस्थेत एखाद्याचे नाव नॉमिनी म्हणून दिले, म्हणजे तो मालक झाला, हा समज चुकीचा आहे. नामनिर्देशनाने उत्तराधिकाराचा कायदा बाजूला सरत नाही, हे कंपन्यांच्या समभागांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. त्यामुळे दानाची इच्छा मृत्युपत्रातच लिहिली पाहिजे.

*शेतजमीन.* आपल्याकडील वाड्या-शेतांबाबत विशेष सावधगिरी हवी. कुळकायद्यानुसार बिगरशेतकऱ्याला शेतजमीन हस्तांतरित करण्यावर निर्बंध आहेत. मृत्युपत्र म्हणजे हस्तांतर नव्हे, अशी पळवाट काढली जाई. परंतु गुजरातमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मृत्युपत्राने बिगरशेतकऱ्याला दिलेल्या जमिनीलाही हे निर्बंध लागू असल्याचा निर्णय दिला. न्यास हा सहसा शेतकरी नसतो. म्हणून सात-बारा दाखवून वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय शेतजमीन दान लिहू नये.

*सामाईक मालमत्ता.* सामाईक घरातील केवळ आपलाच हिस्सा आपण देऊ शकतो. भावांच्या नावे असलेल्या जमिनीची वाटणी आधी करून घ्यावी. न्यासाच्या वाट्याला कज्जा देऊ नये.

हयातीत द्यावे की पश्चात?

स्थावर मालमत्ता हयातीत द्यायची, तर नोंदणीकृत बक्षीसपत्र करावे लागते आणि दात्याच्या हयातीतच संस्थेने ते स्वीकारावे लागते. ते सहसा परत घेता येत नाही. नोंदलेल्या संस्थेला हयातीत पैशांच्या रूपाने दिलेल्या देणगीवर नियमांनुसार आयकरात सवलत मिळू शकते. मृत्युपत्राने दिलेल्या दानावर दात्याला ती मिळत नाही. तरीही वार्धक्यात डोक्यावरचे छप्पर बक्षीसपत्राने देऊन टाकू नये, असेच आमचे सांगणे आहे. आजारपण किती लांबेल, हे कोणालाच ठाऊक नसते. मृत्युपत्रात मालकी शेवटपर्यंत आपल्याकडे राहते. पती वा पत्नीला आजन्म राहण्याचा हक्क देऊन त्यांच्या पश्चात घर संस्थेला मिळेल, अशी योजनाही करता येते.

अशा कलमाचा नमुना :

"… येथील घर क्रमांक … माझ्या पश्चात माझी पत्नी … हिने तिच्या हयातीपर्यंत उपभोगावे. तिच्या पश्चात ते घर … या नावाने, नोंदणी क्रमांक … अन्वये नोंदलेल्या सार्वजनिक न्यासाला मिळावे. न्यासाने ते किंवा त्याच्या विक्रीतून आलेली रक्कम … या कार्यासाठी वापरावी. ते कार्य त्या वेळी शक्य नसल्यास त्याच्या निकटच्या धर्मादाय कार्यासाठी वापरावी."

न्यासाची स्थावर मालमत्ता विकण्यासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमानुसार धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. त्यामुळे दिलेले घर विश्वस्त परस्पर विकू शकत नाहीत, हे दात्यांनी ध्यानात ठेवावे.

गोव्याशी संबंध असलेल्यांसाठी

गोव्यात आजही पोर्तुगीज नागरी संहितेवर आधारित कौटुंबिक कायदा आहे. वारसाहक्काबाबत गोवा विधानसभेने २०१२ मध्ये स्वतंत्र कायदा केला. तेथे मुले असलेल्या व्यक्तीला आपल्या मालमत्तेपैकी अर्ध्याच भागाचे मृत्युपत्र करता येते. उरलेला अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो. गोव्यात अधिवास असलेल्या व्यक्तीच्या गोव्याबाहेरील मालमत्तेलाही तेथीलच कायदा लागू होतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये दिला. सिंधुदुर्गात वा मुंबईत घर असलेल्या गोवेकर कुटुंबांनी याची नोंद घ्यावी.

आपणच घालून घ्यावयाची बंधने

कलम ११८ गेल्यावर त्याच्या जागी पुढील शिस्त आपण आणि आम्ही धर्मगुरूंनी मिळून पाळावी, असे सुचवावेसे वाटते.

- मृत्युपत्र धडधाकट असताना करावे. साठी उलटल्यावर ते असायलाच हवे. दर पाच वर्षांनी ते वाचून पाहावे.
- आधी आपले कर्ज, मग पती वा पत्नीचे वार्धक्य, आईबाप, अपंग वा अविवाहित अपत्य यांची सोय. आणि त्यानंतर दान, हा क्रम ठेवावा.
- दानाची इच्छा मुलांना हयातीत सांगावी. आपल्या तोंडून ऐकलेले मुले स्वीकारतात. वकिलाच्या तोंडून प्रथमच ऐकले, की संशय घेतात.
- धर्मगुरूंनी, धर्मभगिनींनी वा न्यासाच्या विश्वस्तांनी आपल्या संस्थेला लाभ देणारे मृत्युपत्र लिहून देऊ नये आणि त्यावर साक्षीदार होऊ नये. आजाऱ्याला साक्रामेंत देण्यास गेलेल्या धर्मगुरूने त्या खोलीत मालमत्तेचा विषय काढू नये.
- दान स्वीकारणाऱ्या संस्थेने विनियोगाचा हिशेब जाहीरपणे मांडावा. ज्यांनी आपला हक्क सोडला, त्या वारसांना तो पाहण्याचा नैतिक अधिकार आहे.

मुलेबाळे सुस्थितीत आहेत, देणी फिटली आहेत आणि तरीही देवाने हातात काही शिल्लक ठेवले आहे, अशी कितीतरी घरे आज आपल्या धर्मग्रामांत आहेत. त्यांच्यासाठी दान ही चैन नव्हे, कृतज्ञता आहे. आपल्या दशांशावर एखाद्या पाड्यावरील मुलगी परिचारिका होऊ शकते, एखाद्या निराधार वृद्धाला शेवटचे दिवस स्वच्छ अंथरुणावर काढता येतात. त्यासाठी एक साधा कागद, दोन साक्षीदार आणि घरच्यांशी एक मोकळे बोलणे एवढेच लागते.

(या लेखातील माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. प्रत्यक्ष मृत्युपत्र करण्यापूर्वी आपली कागदपत्रे दाखवून वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा.)